वाचकांचे प्रश्न : बीटल्सची प्रश्नमंजूषा

प्रश्न : मी संगणकशास्त्राची विद्यार्थिनी असून बीटल्स या ब्रिटिश बँडच्या चाहत्यांसाठी वेबवर एक प्रश्नमंजूषा तयार केली आहे, परंतु काहीजण मिनिटभरातच पैकीच्या पैकी गुण मिळवतात. असे का होत असावे?

उत्तर : बरोबर उत्तरे प्रश्नांसोबतच ब्राउझरकडे जात असतील, तर पानाचा सोर्स (मूळ कोड) उघडून पाहणाऱ्याला ती आयतीच सापडतात, म्हणून उत्तरे सर्व्हरवर ठेवावीत आणि गुणही तिथेच मोजावेत. मला अधिक काळजी वाटते ती प्रश्नांच्या शब्दरचनेची. ‘लव्ह मी डू’ या गाण्यात ड्रम कोणी वाजवले, असे मोघम विचारू नये, कारण ऑक्टोबर १९६२मध्ये निघालेल्या मूळ ब्रिटिश तबकडीवर ड्रमवादन बँडचा ड्रमर रिंगो स्टार याचे आहे, तर १९६३च्या ‘प्लीज प्लीज मी’ या अल्बममध्ये ते बाहेरून बोलावलेला ड्रमर अँडी व्हाइट याचे असून रिंगोच्या हाती केवळ खंजिरी आहे. प्रश्नात आवृत्तीचा उल्लेख नसेल, तर सर्वांत मन लावून ऐकणाऱ्या चाहत्याचेच उत्तर चुकीचे ठरेल.