म्हार्दोळचे मूळ शोधताना आडनाव बाजूला ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पणजोबा गोव्यातल्या म्हार्दोळहून मुंबईला आले, आडनाव गावावरून पडले, कुलदैवत महालसा. त्यामागच्या पाचसहा पिढ्या आणि घराण्याचा इतिहास कुठे आणि कसा शोधायचा?

आडनावावरून सुरुवात करू नका. गावाचे आडनाव बहुधा गाव सोडल्यावरच लागते. म्हार्दोळात राहणाऱ्याला म्हार्दोळकर म्हणायची गरज कोणाला? गोव्यातल्या कागदांत तेच घराणे नायक, प्रभू, शेणवी, कामत असे काहीतरी असेल. दुसरे म्हणजे म्हार्दोळ हे मूळ गाव नव्हेच, मुक्कामाचे गाव आहे. 1567 मध्ये गोव्याच्या साष्टी तालुक्यातली देवळे पाडली गेली तेव्हा तिथल्या वेर्ण्याची महालसा जुवारी नदीपलीकडे आदिलशाहीत म्हार्दोळला आली. त्याच दशकात कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. देवांमागून महाजन, म्हणजे देवळाचे वंशपरंपरागत सभासद, आले. त्यामुळे म्हार्दोळ ज्या गावात मोडते त्या प्रियोळच्या कोमुनिदादीत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक जमीनसंस्थेत, तुमचे वांगड (गावकऱ्यांचे कूळ) शोधण्यात वेळ घालवू नका. ती गावकारी आधीपासून तिथे असलेल्यांची.

पहिला कागद जन्मनोंदीचा. गोव्यात नागरी नोंदणी 1914 पासून. पणजोबांची किंवा त्यांच्या एखाद्या धाकट्या भावंडाची नोंद मिळाली तर साधा दाखला घेऊ नका, नोंदीची संपूर्ण नक्कल मागा. तिथे तिला तेओर म्हणतात. साध्या दाखल्यात फक्त आईबाप असतात, तेओरमध्ये दोन्हीकडचे आजीआजोबाही. 1920 च्या एका नोंदीवरून तुम्ही असे 1860 च्या आसपास जन्मलेल्या माणसापर्यंत पोचता. मृत्यूची नोंदही काढा: मागे मुले, मिळकत, मृत्युपत्र काय राहिले हे त्यात असते. अर्ज तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे, फार जुनी पुस्तके असतील तर पुराभिलेख खात्याकडे. अर्जात एकच साल देऊ नका. नोंदी उशिरा होत, वये अंदाजे सांगत. आगेमागे चारपाच वर्षे धरून शोध मागा.

इथे घोटाळा होतो तो लिपीचा. कारकून पोर्तुगीज कानाने लिहायचा. प्रभू म्हणजे ‘पोरोबो’, शेणवी म्हणजे ‘सिनाय’, भट म्हणजे ‘बोटो’. ‘श’ बहुतेक वेळा ‘एक्स’ने लिहिलेला, तेव्हा शंभू ‘एस’खाली मिळणार नाही. सूचीही अनेकदा पहिल्या नावाने लावलेली असते. दुसरा घोटाळा घरचाच. नातवाला आजोबांचे नाव, म्हणून राम-कृष्ण-राम-कृष्ण अशी साखळी, आणि दोन राम एकच समजून एक पिढी गळते. बायकोच्या नावावरून वेगळे करावे म्हटले तर लग्नात तिचे नाव बदललेले. माहेरच्या नोंदीत एक, सासरच्या नोंदीत दुसरे. तिच्या वडिलांचे नाव आणि माहेरचे गाव जुळवा, ते बदलत नाही. दत्तकही लक्षात ठेवा, रक्ताची रेघ तिथे मोडते पण कागद सरळ पुढे जातो.

माझ्या मते सर्वांत भरघोस साधन इन्व्हेंटरी, म्हणजे माणूस गेल्यावर वारसावाटपासाठी कोर्टात चाललेले प्रकरण. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात 1870 पासून लागू झाली. घरचा प्रमुख, बहुधा विधवा किंवा थोरला मुलगा, शपथेवर सगळे वारस सांगतो: नाव, वय, लग्न झालेले की नाही, राहतो कुठे. मुंबईला गेलेला भाऊ नेमका इथे सापडतो, कारण त्याचाही हिस्सा असतो. सोबत मिळकतींची यादी. प्रत्येक कुळागराला (नारळीपोफळीच्या बागेला) स्वतःचे नाव आणि चारी बाजूंच्या सीमा. पूर्वेला कोणाची जमीन, पश्चिमेला कोणाची हे नीट वाचा. वाटण्या झालेल्या घरात शेजारी म्हणून लिहिलेला माणूस पुष्कळदा चुलतभाऊ निघतो. ते नाव घेऊन जमीन नोंदणीच्या जुन्या पुस्तकात गेलात की आणखी मागचा मालक मिळतो.

देवस्थानात महाजनांचा कॅटलॉग असतो. देवस्थानांचा कारभार 1886 च्या आणि पुढे 1933 च्या नियमांनी बांधला गेला आणि देखरेख आता मामलेदाराकडे आहे, म्हणून विचारणा दोन्हीकडे करा. यादी पुरुषांची. त्यात नाव नसले म्हणून महाजन नव्हता असे ठरत नाही. नोंद करायला कोणी गेलाच नसेल.

त्यामागे मात्र भिंत आहे. म्हार्दोळ ज्यात येते तो फोंडा महाल पोर्तुगीजांकडे आला 1763 मध्ये. म्हणजे महालसा आल्यापासून जवळजवळ दोनशे वर्षांचे इथले कागद पोर्तुगीज दप्तरात नाहीत. उरतात देवस्थानांचे आणि घराण्यांचे मोडीतले कागद, म्हणून मोडी वाचणारा माणूस आधी गाठा. वेर्ण्याच्या बाजूचे सोळाव्या शतकातले दप्तर पोर्तुगीजमध्ये आहे. वांगडाच्या यादीत ख्रिस्ती नावे दिसली तर दचकू नका, मागे राहिलेले भाऊबंद बाटले तरी वांगड तेच राहिले.

आणि हे सगळे सुरू करण्याआधी घरच्यांपैकी कोणी नाशिकला श्राद्धाला गेले होते का ते विचारा. तिथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्या गाव आणि आडनावावर लावलेल्या असतात. उपाध्यांना म्हार्दोळ आणि महालसा दोन्ही सांगा, शिवाय जुने उपनाव. आलेल्या माणसाने स्वतः सांगितलेली भावाबापांची नावे त्यात असतात, कारकुनाच्या कानातून न गेलेली.