पोलीस प्रशिक्षणाच्या चित्रफिती ग्रंथालयातून उसन्या मिळतात का? मिळाल्या तर ठाण्यात त्यांचा खरंच उपयोग होतो का?

प्रश्न विचारणारे बीड जिल्ह्यात नुकतेच पोलीस शिपाई म्हणून लागले आहेत. बाहेरच्या देशांत ठाण्यांना प्रशिक्षणाच्या चित्रफिती उसन्या देणारी ग्रंथालयं असतात असं त्यांच्या वाचनात आलं. आपल्याकडं तशी सोय आहे का, किती दिवसांसाठी, आणि तिचा फायदा काय, एवढं त्यांना हवं आहे.

मिळतात. निदान आमच्या वेळी मिळायच्या. मी स्वतः एक आणली होती आणि तिच्यापायी पगारातून ४५० रुपये भरले. २०१९ ला सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो, तरी तो हिशेब माझ्या मनात अजून मिटलेला नाही.

चित्रफितीच्या आधी एक खून सांगावा लागेल. २००१ चा आषाढ. गोदाकाठच्या एका ठाण्यात मी हवालदार होतो. सकाळी साडेसहाला पोलीस पाटील आला, की शेतातल्या आखाड्यावर सालगड्याचा खून झालाय. एका शिपायाला मोटारसायकलवर मागं बसवून मी पोचलो तेव्हा निम्मं गाव बाजेभोवती उभं होतं. कुऱ्हाड बाजेखाली पडलेली. एवढ्या गर्दीत कुणी उचलून नेली तर काय, म्हणून मी ती दांड्याला धरून उचलली आणि बैलांच्या दावणीत उभी करून ठेवली. मयताच्या अंगावर त्याचीच घोंगडी टाकली. दुपारी संशयिताच्या घरातून रक्ताचं धोतर मिळालं, ओलंच होतं. ते खताच्या प्लास्टिक पिशवीत घालून वर लाखेचं सील मारलं. सील इतकं सुरेख उमटलं की साहेबांनी शाबासकी दिली.

पिशवी तीन आठवडे मुद्देमालाच्या खोलीत पडून राहिली, कारण प्रयोगशाळेला नमुने घेऊन जायला माणूस मोकळा नव्हता. आत धोतर कुजलं. अहवाल आला, रक्त मानवी, गट निश्चित करता येत नाही. पुढं साक्षीत आरोपीच्या वकिलांनी विचारलं, जमादार, कुऱ्हाड तुम्हाला पहिल्यांदा कुठं दिसली? पंचनाम्यात दावण लिहिलेली. मी खरं ते सांगितलं. २००३ च्या सुरुवातीला आरोपी सुटला. कोर्टाच्या व्हरांड्यात सालगड्याची बायको उभी होती. निकालाबद्दल ती एक शब्द बोलली नाही. एवढंच विचारलं, "साहेब, घोंगडी कधी मिळंल?" अपिलाची मुदत संपेपर्यंत मुद्देमाल देता येत नाही, हे मी तिला समजावून सांगत बसलो.

त्याच वर्षी दिवाळीनंतर मला उजळणी वर्गाला पाठवलं, दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका प्रशिक्षण केंद्रात. तिथं वर्गाशेजारच्या खोलीत ग्रंथालय होतं. कायद्याची पुस्तकं, दोन लोखंडी कपाटं, आणि एका कपाटात व्हीएचएस कॅसेटी, तीसेक असतील. लाकडी पेटीतला टीव्ही. जेवणाच्या सुट्टीत मी एक कॅसेट लावून घेतली. बावीस मिनिटांची, हिंदीतली, घटनास्थळ कसं राखावं यावर. सातव्या मिनिटाला त्यातला शिपाई जमिनीवरचा चाकू उचलून टेबलावर ठेवतो आणि पडद्यावर भली मोठी लाल फुली येते. पुढच्याच दृश्यात रक्ताचा ओला शर्ट सावलीत दोरीवर वाळवतात, मग कागदी पाकिटात घालतात, आणि निवेदक सांगतो की ओलं कापड प्लास्टिकमध्ये घातलं की बुरशी धरतं, कुजतं, नमुना वाया जातो.

मी तो तुकडा तीनदा मागं घेऊन बघितला. हे मला कुणी सतरा वर्षांच्या नोकरीत सांगितलं नव्हतं. पुस्तकात लिहिलेलं असेल, परीक्षेपुरतं पाठही केलं असेल, पण ती लाल फुली मी आखाड्यावर जायच्या आधी बघायला हवी होती. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, ठाण्याच्या नावानं पत्र आणा, पंधरा दिवसांसाठी नेता येईल.

पत्र निरीक्षकांच्या सहीनं, अधीक्षक कार्यालयामार्फत, आवक-जावक होत होत जायला जून २००४ उजाडला. मी रजा टाकून एसटीनं गेलो, रजिस्टरमध्ये सही केली, आणि कॅसेट मांडीवर घेऊन परत आलो. वाट बघितली नाही. दुसऱ्याच संध्याकाळी लग्नाची शूटिंग करणाऱ्या एका पोराकडून टीव्ही आणि व्हीसीआर मागून आणला, हजेरीनंतर चौदा जणांना बसवलं. निवेदनाचा आवाज बंद केला आणि प्रत्येक ठिकाणी थांबवून मी आपल्या भाषेत सांगत गेलो. इथं हात लावायचा नाही. इथं दोरी बांधायची. ही पायवाट सोडून दुसरीकडून आत जायचं. माझी कुऱ्हाड आणि माझं धोतर, दोन्ही त्यांना सांगितलं. अकराव्या मिनिटाला लोडशेडिंग झालं.

आमच्यातले एक ज्येष्ठ जमादार अंधारातच उठले आणि म्हणाले, "अरे, शिनेमा बघून कुणी पोलीस होत असतंय का? चार मडी बघितली की येतंय आपोआप." माझं उत्तर तेव्हा तोंडातच राहिलं, ते आज लिहितो. चार मडी मी बघितली होती. पाचव्याला कुऱ्हाड हलवली. अनुभवानं हात सराईत होतो, पण चुकीची सवयही तितकीच सराईत होते. लाखेचं सील सुरेख मारायला मी अनुभवानंच शिकलो होतो.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. "सरकारी वस्तू आहे, तुमच्या उचक-पाचकीत खराब झाली तर भरून कोण देणार?" आणि कॅसेट त्यांच्या कपाटात कुलूपबंद. मी म्हणालो, साहेब, अर्धी दाखवायची राहिलीय. म्हणाले, बघू. मग गणपतीचा बंदोबस्त आला, मग ऑक्टोबरात विधानसभेची निवडणूक, किल्ली साहेबांच्या खिशात आणि साहेब बाहेर. ग्रंथालयाची तीन स्मरणपत्रं आली. कपाट ज्या भिंतीला होतं ती पावसाळाभर ओल धरते हे ठाण्यात सगळ्यांना माहीत होतं. नोव्हेंबरात कुलूप निघालं तेव्हा फितीच्या कडेला पांढरी बुरशी आलेली. रजिस्टरमध्ये सही माझी, म्हणून वसुली माझ्यावर, आणि सेवापुस्तकात शेरा: शासकीय मालमत्तेबाबत निष्काळजीपणा. धोतर जसं गेलं, तशीच कॅसेट गेली. दोन्ही वेळेला वस्तू बंद करून ठेवण्यालाच आम्ही सांभाळणं समजलो.

आपल्या खात्याची ही खोड आहे. शिकवायची वस्तूही आपण मुद्देमालासारखी ठेवतो: नोंद करा, सील करा, कुलूप लावा. चांदमारीला, म्हणजे गोळीबाराच्या सरावाला, काडतुसं नेतो तेव्हा ती उडतील म्हणून कुणी रडत नाही. परत आल्यावर रिकाम्या पुंगळ्या मोजून जमा करतो, आणि न उडालेल्या गोळीचा जाब द्यावा लागतो. चित्रफितीचाही हिशेब तसाच हवा. किती वेळा लावली, किती जणांनी बघितली, ते विचारा. जशीच्या तशी परत आली म्हणून खूश होऊ नका.

त्या अकरा मिनिटांचा उपयोग झाला का? झाला. चौदातला एक पोरगा, नोकरीत दोन वर्षंही न झालेला, पुढच्या पावसाळ्यात एका घरफोडीला पहिला पोचला. वाड्यामागं काळ्या मातीत बुटाचा एक ठसा होता आणि वरून पाऊस भुरभुरत होता. त्यानं शेजारच्या घरातून घमेलं आणून ठशावर पालथं घातलं, भोवती चार दगड मांडले आणि ठसे घेणारा माणूस येईपर्यंत तिथंच उभा राहिला. त्या ठशाचा प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा निघाला. घमेलं कॅसेटमध्ये नव्हतं, ते त्याचं स्वतःचं डोकं. पण ठसा झाकायचा असतो, हे त्यानं पडद्यावर बघितलं होतं. शिक्षा त्या साच्यावर झाली असं मी म्हणणार नाही, चोरीचा माल सापडला होता आणि सराफाची साक्ष टिकली.

आता तुमच्या प्रश्नाकडं. मराठवाड्यात पोलीस प्रशिक्षण विद्यालयं जालन्याला आणि लातूरजवळ बाभळगावला आहेत, अधिकाऱ्यांची अकादमी नाशिकला. चौकशी या दारांवर करा, पण स्वतःच्या नावानं अर्ज करू नका. आमच्या वेळी निरीक्षकांच्या सहीचं, अधीक्षक कार्यालयामार्फत गेलेलं पत्रच चालायचं. पत्रात विषय नेमका लिहा, दाखवायची तारीख लिहा, परतीची तारीख लिहा, आणि ती वस्तू कोणाच्या ताब्यात राहील तेही लिहा. हे शेवटचं मी लिहिलं नव्हतं.

कॅसेटींचा जमाना संपला. नव्या फौजदारी कायद्यांचे अभ्यासक्रम आयगॉट कर्मयोगी या सरकारी ऑनलाइन प्रशिक्षणाच्या संकेतस्थळावर आहेत, सायबर गुन्ह्यांचे तशाच सायट्रेनवर. बघा जरूर. पण मोबाइलवर एकट्यानं, बंदोबस्ताच्या गाडीत पेंगत, प्रमाणपत्रापुरतं बघितलं तर ते माझ्या साहेबांच्या कपाटातल्या कॅसेटइतकंच उपयोगाचं. चौघांनी मिळून बघा, थांबवा, भांडा.

आणि तुमच्या पिढीला चित्रफीत नुसती बघायची नाही, करायचीही आहे. १ जुलै २०२४ पासून, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नं झडती आणि जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक झालं. जप्त वस्तूंची यादी करणं आणि पंचांच्या सह्यासुद्धा त्यात आल्या. चित्रीकरण मोबाइलवर चालतं, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडं पाठवायचं असतं. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी यावं, हे कलम १७६(३) सांगतं, आणि ते लागू करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत दिली आहे. पण तज्ज्ञ पोचेपर्यंतचे पहिले दोन तास तुमचेच. तज्ज्ञ आला आणि कुऱ्हाड दावणीत असली, तर त्यानं काय करावं?

चित्रीकरण कोर्टात देताना सोबत जोडायच्या प्रमाणपत्राचं विसरू नका. हा धडा सगळ्या देशाला आपल्या जालन्यानं दिला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात उमेदवारी अर्ज मुदतीत आला की नंतर, हा वाद होता, आणि निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं चित्रीकरण पुरावा म्हणून पुढं आलं. त्यासोबत लागणारं, जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र (चित्रीकरण कुठल्या उपकरणातून कसं काढलं ते लिहून देणारं) मागूनही मिळालं नव्हतं. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या खटल्यात १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, मूळ उपकरण हजर करणार नसाल तर प्रमाणपत्र लागणारच. आता ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे, भाग अ आणि भाग ब, हॅश व्हॅल्यूसकट (फाइलमध्ये फेरफार झाला नाही हे पडताळायचा सांकेतिक आकडा). हे तुमच्या ठाण्यात कितीजणांना भरता येतं, तेवढं आधी बघा.

माझा आग्रह विचाराल तर, उसनी आणा, पण आपलीही एक करा. त्या हिंदी कॅसेटमधलं घटनास्थळ फरशीच्या बंगल्यातलं होतं. आपल्याकडं खून आखाड्यावर होतो, प्रेत विहिरीत सापडतं, ठसा काळ्या मातीत उमटतो आणि पावसात मातीच बुटाला चिकटून निघून जाते. पहिला पोचणारा बहुतेक वेळा पोलीस पाटील असतो. मग गर्दी मागं सारायचं त्यालाच शिकवायला नको का? जिल्ह्यातल्या एखाद्या शेतात नवीन पोरांना घेऊन अर्ध्या दिवसात असं चित्रीकरण होईल.

दोन गोष्टी राहिल्या. खऱ्या गुन्ह्यांच्या चित्रीकरणावरून केलेले धडे व्हॉट्सअॅपवर फिरवू नका. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि पीडित अल्पवयीन असेल तर पोक्सोचं, म्हणजे बालकांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, कलम २३ आहेच. आणि माझ्या साहेबांबद्दल एक सांगायला हवं. आधीच्या ठाण्यात एक वायरलेस संच हरवला म्हणून त्यांची विभागीय चौकशी चालू होती, हे मला फार नंतर कळलं. कुलूप त्यांनी भीतीपोटी लावलं. तरीही किल्ली ठाण्यात कुणाकडं तरी द्यायला हवी होती, हे मी आजही म्हणेन.

तुमचे साहेबही बघू म्हणाले तर त्यांना तारीख विचारा. आणि वीज कधी जाते ते आधी बघून ठेवा. त्या चौदाजणांना उरलेली अकरा मिनिटं मला कधीच दाखवता आली नाहीत.