मदिनेत मस्जिदे नबवी (पैगंबरांची मस्जिद) सोडून काय पाहावं? तिथलं खाणं, चालीरीती कशा असतात?

तुमचे आईवडील उमराहला, म्हणजे मक्केच्या छोट्या यात्रेला, निघालेत आणि मदिनेत चार दिवस राहणार आहेत, म्हणून तुम्ही हे विचारलंय. मी मूळचा रायगडकडचा. नोकरीमुळे जेद्दाहत राहतो आणि सवड मिळाली की मदिना गाठतो.

जुन्या गल्ल्या, लाकडी जाळीच्या खिडक्या बघायला मिळतील अशी आशा त्यांना असेल तर आधीच सांगून ठेवा. मस्जिदीचा विस्तार होत गेला तसं तिच्याभोवतीचं जुनं गाव जवळजवळ सगळं पाडलं गेलं. एकाच अंगणाभोवती वसलेल्या घरांचे 'होश' गेले, तिथे आता उंच हॉटेलं आहेत. मला याचं फार वाईट वाटतं. मस्जिदीचा दक्षिणेकडचा 19व्या शतकातला उस्मानी भाग मात्र शाबूत आहे. पैगंबरांच्या कबरीवरचा घुमट मूळ 1279चा, त्याला हिरवा रंग दिला 1837मध्ये.

मदिनेचा खरा वारसा मला पाहुणचारात दिसतो. 622मध्ये मक्केहून आलेल्या मुहाजिरांना इथल्या अन्सारांनी घरात घेतलं, मिळकतीत वाटा दिला. आजचे मदिनेकर ते आपल्याच घरातलं असल्यासारखं सांगतात, आणि तसं वागतातही. रमजानमध्ये अस्रच्या (दुपार कलल्यावरच्या) नमाजानंतर मस्जिदीत सुफरे, म्हणजे रोजा सोडायला जेवण मांडायच्या लांब चादरी, पसरायला लागतात. ठरावीक जागी ठरावीक घराण्याचा सुफरा, कित्येकांचा बापजाद्यांपासून चालत आलेला. घरातली लहान मुलं दारात उभी राहून येणाऱ्याचा हात धरतात, 'आमच्याकडे बसा' म्हणून मागे लागतात. अब्बांना सांगा, संकोच करू नका. नाही म्हटलं तर त्या पोराचं तोंड उतरतं.

आत ताटात साधंच असतं: खजूर, तीळ लावलेला 'शुरैक' पाव, दही आणि त्यावर भुरभुरायला 'दुग्गा', म्हणजे भाजून दळलेले मसाले, आपल्या सुक्या चटणीसारखे. सोबत वेलची घातलेला फिकट गहवा (अरबी कॉफी) आणि झमझम, मक्केतल्या विहिरीचं पाणी. भात-मटण बाहेरच्या अंगणात. मगरिबची (सूर्यास्ताची) अजान झाली की पटापट खाऊन घेतात आणि सामूहिक नमाजाला जमात उभी राहायच्या आत सगळं आवरलेलं असतं. रमजान नसला तरी सोमवारी आणि गुरुवारी रोजेदारांसाठी सुफरे लागतात, त्यातला एक दिवस जरूर साधा.

बाहेर खायचं तर 'रुज बुखारी' शोधा. मध्य आशियातून हजला आलेले काही लोक परत गेलेच नाहीत, त्यांनी आणलेला हा भात. गाजर, मनुका आणि मांस घातलेला. सकाळी 'फूल', म्हणजे शिजवून घोटलेले वालासारखे दाणे, आणि तंदुरातली भली मोठी 'तमीस' रोटी. आईंना तिखटाची सवय असेल तर थोडं मिळमिळीत लागेल. चहात मदिनेचा पुदिना घालतात, त्याचा वास दुसरीकडे कुठे मिळत नाही.

शनिवारी सकाळी कुबा मस्जिदीला जा. पैगंबर (स.) शनिवारी तिथे चालत किंवा स्वारीवर जात, म्हणून गावकरीही जातात. घरून वजू करून (नमाजाआधी हात-तोंड-पाय धुऊन) निघायचं, कारण कुबात दोन रकात नमाज पढल्याचं सवाब (पुण्य) उमराहइतकं सांगितलंय. साधारण तीन-साडेतीन किलोमीटर आहे, पायी जायला चांगला रस्ता केलाय. उहुद डोंगराजवळ पैगंबरांचे काका हजरत हमजा यांच्या कबरीची जियारत (दर्शन) बहुतेक सगळेच करतात. पण हिजाज रेल्वेचं स्टेशन अनेकांच्या यादीत नसतं. दमास्कसहून सुमारे 1300 किलोमीटरचा लोहमार्ग 1908मध्ये इथवर आला आणि पहिल्या महायुद्धानंतर बंद पडला. स्टेशनात आता संग्रहालय आहे, अब्बांना आवडेल.

आपल्या गावाहून कुणी निघालं की सगळे 'पैगंबरांना आमचा सलाम पोचवा' म्हणतात. 1995पर्यंत मुंबईहून जहाजानं जाणाऱ्या हाजींनाही हेच सांगत. अब्बांना नावं कागदावर लिहून द्या. कबरीसमोर सलामाच्या जागी गर्दी पुढे ढकलत असते, नावं आठवत बसायला उसंत मिळत नाही.

खजुरात अजवा घ्यायचाच, हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांत) त्याचं नाव आहे. पण सफावीही काळाच आणि बराच स्वस्त असतो, काही दुकानदार तोच अजवा म्हणून देतात. अजवा आखूड, गोलसर, त्यावर बारीक पांढुरक्या रेषा; सफावी लांबट. चाखायला मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही. उन्हाळ्यात गेले तर ताजा 'रुताना' खजूर तिथेच खाऊन घ्या, तो प्रवासात टिकत नाही.