'बटण दाबण्याचे काम' म्हणणाऱ्या वडिलांना

नमस्कार. आपली मुलगी कोल्हापुरात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला रसायनशास्त्र शिकते, तिला रक्तातील शिसे-आर्सेनिक मोजणाऱ्या वैद्यकीय प्रयोगशाळेत काम करायचे आहे, आणि आपण मात्र तिच्यासाठी पुण्यातील एमपीएससीचा क्लास ठरवला आहे, असे आपले पत्र सांगते. तिच्या ६४ टक्क्यांची मला काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती "नीटसाठी आम्ही तिला दोन वर्षे बसवले, आता तरी तिने आमचे ऐकावे" या वाक्याची. बसवण्याचा निर्णय आपला होता आणि तिने तो मुकाट्याने पाळला. त्या दोन वर्षांची भरपाई पुन्हा तिच्याकडूनच मागणे मला अन्यायाचे वाटते.

"आकडा मशीन देते, माणूस फक्त बटण दाबतो," असे आपण लिहिता. आपण शिरोलीच्या फाउंड्रीत सुपरवायझर आहात. स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूतील घटक मोजणाऱ्या यंत्रावर, लावलेला हीटचा (भट्टीतील एका वितळीचा) नमुना नीट घासलेला नसेल, किंवा प्रमाणित नमुन्यावर यंत्र आधी तपासलेले नसेल, तर त्या आकड्यावर आपण धातू साच्यात ओताल का? रक्तात तर हिशेब याहून फार सूक्ष्म असतो. अमेरिकेत २०२१ पासून लहान मुलाच्या रक्तात दर डेसीलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे एक अब्ज भागांत सुमारे ३५ भाग, शिसे आढळले तरी त्या मुलाकडे लक्ष दिले जाते; बोटावरच्या धुळीनेही असा आकडा फुगू शकतो, म्हणून त्वचा स्वच्छ करण्यापासून धातुमुक्त ट्यूब वापरण्यापर्यंत सारे कुणीतरी जागरूकपणे पाहावे लागते. आर्सेनिकचे तर यंत्रालाच चकवणारे कोडे आहे: आयसीपी-एमएसमध्ये, म्हणजे अणूंना त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रात, ४० वस्तुमानाचा आर्गॉन आणि रक्तातील मिठाचे ३५ वस्तुमानाचे क्लोरीन जोडले जाऊन ७५ वस्तुमानाचा कण बनतो, आणि आर्सेनिकचे वस्तुमानही ७५च असते. हे ठाऊक नसलेला माणूस मिठालाच विष ठरवून मोकळा होईल.

मार्ग सरळ आहे: विश्लेषणात्मक रसायनशास्त्रात एम.एस्सी., आणि मग आयएसओ १५१८९ या वैद्यकीय प्रयोगशाळांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या भारतीय मंडळाची) मान्यता असलेल्या, बाहेरून आलेल्या अनोळखी नमुन्यांवर स्वतःची परीक्षा नियमित देणाऱ्या प्रयोगशाळेत उमेदवारी. लहान पॅथॉलॉजी लॅबमध्ये असे यंत्र सहसा नसते, त्यामुळे तिला कोल्हापूर सोडावे लागेल, याची तयारी आपण दोघांनीही ठेवावी.

पत्रात तिचे स्वतःचे एकही वाक्य नाही. पुढचे पत्र तिने लिहावे, आपण ते वाचू नये, आणि ते मला मिळेपर्यंत क्लासची फी भरू नये.