ताऱ्यांवरचे डाग बघून पोट भरतं का?

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पोरगी बारावीला, पीसीएम, मार्क चांगले, आणि ती म्हणून राहिली की इंजिनिअरिंग नको, मला ताऱ्यांवरचे काळे डाग अभ्यासायचे, आणि तुम्ही विचारता की डाग बघून पोट भरतं का. बापाला हा प्रश्न पडणारच.

आधी ते डाग काय ते समजून घ्या. सूर्यावर असतात तसेच. त्या जागी चुंबकीय क्षेत्र एवढं जोरदार असतं की खालून वर येणारी उष्णता अडते, तेवढा भाग थंड पडतो म्हणून काळा दिसतो, थंड म्हणजे काय तर सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५५०० डिग्री आणि डाग ३५०० च्या आसपास, आपला नागपूरचा मे महिना त्याच्यापुढे काहीच नाही. सूर्यापेक्षा थंड, लालसर ताऱ्यांवर तर डाग खूप मोठा भाग व्यापू शकतात. आणि एवढ्या लांबचा तारा दुर्बिणीतूनही ठिपकाच दिसतो, मग डाग कळतो कसा, तर तारा स्वतःभोवती फिरतो, डाग आपल्याकडे आला की उजेड जरासा कमी, मागे गेला की वाढतो, आणि त्या ग्राफवरून सगळं काढायचं. अशा ताऱ्यासमोरून ग्रह जात असेल तर डागांमुळे त्याचं माप चुकू शकतं, म्हणून ग्रह शोधणाऱ्यांनाही हे डाग समजून घ्यावेच लागतात.

म्हणजे हे रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसायचं काम नाही भाऊ, फिजिक्स, गणित आणि पायथॉनमधलं प्रोग्रामिंग आहे, आणि उद्या मन बदललं तरी हीच शिदोरी डेटाच्या नोकरीत चालते.

रस्ता असा, आयसर म्हणजे केंद्राच्या विज्ञान संस्था, त्यांची आयएटी ही प्रवेश परीक्षा द्यायची, नाही जमलं तर नागपुरातच सायन्स इन्स्टिट्यूट किंवा हिस्लॉपला फिजिक्स-मॅथ्स घेऊन बीएस्सी, मग जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी, मग पीएचडीला पुण्याचं आयुका नाहीतर बेंगळुरूचं आयआयए, दोन्ही खगोलशास्त्राच्या संशोधन संस्था. आयआयएच्याच कोडाईकनालच्या वेधशाळेत १९०४ पासूनचे सूर्याचे फोटो जपलेले आहेत, डागांचा अभ्यास आपल्याकडे एवढा जुना आहे.

आता कडू भाग. बारावीनंतर पीएचडी होईस्तोवर दहा-अकरा वर्षं जातात, पक्क्या नोकऱ्या कमी आहेत, हे तिलाही स्पष्ट सांगा. पण पीएचडीत जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली की महिन्याला ३७,००० मिळतात, तेव्हा घरून पैसे द्यायचं काम नाही.

फी भरायच्या आधी एक करा. परीक्षा झाली की तिला नासाच्या केप्लर या अंतराळ दुर्बिणीचा डेटा डाउनलोड करू द्या, फुकट आहे, घरचा लॅपटॉप पुरतो. एक तारा निवडून तो किती दिवसांत फिरतो ते तिनं स्वतः काढायचं. अडेल, चिडेल, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली तर तुम्हीही तिच्या बाजूला खुर्ची घेऊन बसा, तो ग्राफ तिच्याकडून समजून घ्या, आणि मग दोघं मिळून मला फोन करा.