भागाकार किती करायचे?

प्रश्न : २१४७४८३६४७ ही मूळ संख्या असल्याचं गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये दाखवलं, असं वाचलं. कॉम्प्युटर नसताना त्याने दोन अब्जांपर्यंतच्या सगळ्या संख्यांनी भागून पाहिलं की काय? आणि एवढा खटाटोप कशासाठी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दोन अब्ज कशाला? संख्येचे अवयव पडत असतील, तर एक तरी वर्गमुळाच्या आत सापडतोच. इथे वर्गमूळ ४६,३४० च्या जरा पुढे. तरीही विषम संख्या तेवीस हजार उरतात. ऑयलर तेव्हा सेंट पीटर्सबर्गला, वय पासष्टच्या घरात, डोळ्यांना जवळजवळ काही दिसत नव्हतं. एवढे भागाकार कोण करत बसणार?

ही संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. समजा ‘प’ हा तिचा मूळ अवयव आहे. २ चे घात घेत जा आणि प्रत्येकाला ‘प’ने भागून बाकी मांडा. एकतिसाव्या पायरीला बाकी १ येणार. ३१ स्वतः मूळ, म्हणून त्याआधी १ येणं शक्य नाही, आणि पुढे दर एकतीस पायऱ्यांनीच ती परत येते. इकडे फर्माचा नियम सांगतो की (प – १) व्या पायरीलाही बाकी १ च येते. म्हणजे प – १ ला ३१ ने भाग जायलाच हवा. आणि ‘प’ विषम, म्हणून ६२ नेही. आणखी एक नियम असा की ‘प’ला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च हवी. (याची सिद्धता लांबलचक आहे, संपादक मला एवढी जागा देणार नाहीत.) दोन्ही चाळण्या लावल्या की २४८ च्या पटीत १ किंवा ६३ मिळवून येणाऱ्या संख्याच उरतात. पावणेचारशेच्या आत!

त्यातल्याही संयुक्त गाळायच्या. ६३ गेली, २४९ गेली (३ × ८३), ३११ मूळ निघाली. पाठकोऱ्या कागदावर भागून पाहिलं : भागाकार ६९०५०९२, बाकी ३५. पुढचा उमेदवार थेट १३०३, मधल्या सगळ्या संयुक्त. तिथे बाकी २२६. चिकाटी असेल तर पुढचं तुम्हीही करू शकता.

खटाटोपाचं म्हणाल, तर १८११ मध्ये गणितज्ञ पीटर बार्लोने या मूळ संख्येपासून बनणाऱ्या परिपूर्ण संख्येबद्दल (स्वतःहून लहान भाजकांची बेरीज स्वतःएवढीच असणारी संख्या, जशी ६ = १ + २ + ३) लिहून ठेवलं, की हिच्यापेक्षा मोठी कुणी शोधणारच नाही, कारण या संख्यांचा उपयोग काही नाही, नुसती गंमत. १८७६ मध्ये ल्युकाने २ चा १२७ वा घात वजा १ ही ३९ अंकी मूळ संख्या सिद्ध केली आणि बार्लोचं भाकीत फसलं. शिवाय कॉम्प्युटरच्या ३२ बिटांत (० किंवा १ च्या ३२ जागांत) मावणारा सगळ्यात मोठा धन पूर्णांक (चिन्हासकट) नेमका २१४७४८३६४७. १९७० च्या सुरुवातीपासूनचे सेकंद तसे मोजणारी कॉम्प्युटरमधली जुनी घड्याळं १९ जानेवारी २०३८ ला, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, या आकड्याशी येऊन अडणार आहेत.

हात साफ करायचा असेल तर २ चा २३ वा घात वजा १, म्हणजे ८३८८६०७ घ्या. इथे ६२ च्या जागी ४६. पहिलाच उमेदवार ४७ आहे, भागून बघा.