आजी ‘भाद्रपद’ म्हणाल्या, मग गुण द्यायचा की नाही?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा वॉर्डात एक मॅडम त्यांना महिना कोणता, शंभरातून सात गेले किती, असं विचारून गुण देत होत्या. सासूबाईंनी महिना ‘भाद्रपद’ सांगितला, मग चिडल्या, “मला काय शाळेत घालताय?” मुलीला आता हेच काम करायचंय. यात करिअर आहे का?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, आहे. त्या मॅडम ऑक्युपेशनल थेरपिस्ट असाव्यात, म्हणजे आजारपणानंतर रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणाऱ्या. काही ठिकाणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टही (मानसोपचार करणारे मानसशास्त्रज्ञ) ही चाचणी घेतात. कागद भरायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. डोकं लागतं ते चुकलेल्या उत्तराचा अर्थ लावायला.

भाद्रपद बरोबरच होता ना? पण कागदाला सप्टेंबर हवा असतो. ‘मोका’ नावाची, स्मरण आणि विचारशक्ती तपासणारी ३० गुणांची चाचणी २००५ साली कॅनडातून आली. २६ च्या खाली गुण गेले की पुढची तपासणी करायची. शिक्षण बारा वर्षं किंवा कमी असेल तर एक गुण वाढवून देतात. चौथी शिकलेल्या बाईला एक गुण! मला तर ही चेष्टाच वाटते. हरियाणात बल्लभगडच्या निरक्षर वृद्धांसाठी हिंदीत वेगळी चाचणी बेतावी लागली, ती उगाच नाही.

शिवाय चष्मा घरी राहिला असेल, ऐकू कमी येत असेल. ऑपरेशननंतर काही वृद्धांना भ्रम होतो; सकाळी नीट बोलणारा माणूस संध्याकाळी भिंतीशी बोलतो. त्या दिवशीच्या गुणांवरून कुणाला डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) शिक्का मारायचा नसतो.

हे सगळं कशासाठी, तर चालताना आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय, हा क्रम लक्षात राहणार नसेल तर शिकवण्याची पद्धतच बदलावी लागते. एका वेळी एकच सूचना, रोज त्याच शब्दांत. घरी गेल्यावर गॅस आणि गोळ्या कुणी सांभाळायच्या, हेही त्यावरूनच ठरतं.

बायोलॉजी आणि नीट असेल तर बीओटीएच, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची पदवी. मुंबईत केईएम, सायन, नायर आणि नागपूरचं शासकीय मेडिकल कॉलेज इथे हा कोर्स आहे. नीट नको असेल तर मानसशास्त्रात एम.ए., मग भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं क्लिनिकलचं शिक्षण. हा रस्ता लांबचा. सुरुवातीचा पगार बेताचाच, हे आधीच सांगून ठेवते.

फॉर्म भरण्याआधी ओळखीने एखाद्या ऑक्युपेशनल थेरपी विभागात तिला दोन दिवस बसू द्या. आणि तोवर आजींना वॉकरचा क्रम रोज तिलाच सांगू दे. चौथ्यांदा सांगताना आपला आवाज चढतो का, ते तिचं तिला कळेल.